एकाच घरी दोन निमंत्रणं
विखुरलेल्या याद्या साफ करून डेटाबेसमध्ये भरणाऱ्या ‘लायब्ररी’चं काम कसं चालतं?

वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आला की सभासदांना निमंत्रणपत्रिका जातात आणि चार दिवसांत ठरलेला फोन येतो. “अहो, आमच्याकडे दोन पत्रिका आल्यात.” पाकिटं शेजारी ठेवून पाहिली तर एकावर ‘सु. रा. कुलकर्णी’, दुसऱ्यावर ‘कुलकर्णी सुधाकर रामचंद्र’. पत्ता एकच. त्यानंतरचा फोन जास्त रागाचा असतो. “तीस वर्षांचा सभासद आहे मी, मला पत्रिका का नाही?” शोधल्यावर कळतं की त्यांचं नाव यादीत आहे, पण पिनकोडच्या रकान्यात टेलिफोन नंबर जाऊन बसलाय.

यादी तर संगणकावर आहे. मग त्याला एवढं साधं कळू नये?

कळत नाही, कारण ‘सु. रा. कुलकर्णी’ ही संगणकाच्या दृष्टीनं अक्षरांची एक माळ आणि ‘कुलकर्णी सुधाकर रामचंद्र’ ही दुसरी. दोन्हींमागे एकच माणूस असावा, हा आपला तर्क. आपण असे तर्क दिवसभर नकळत करत असतो. संगणकाकडून ते करून घ्यायचे तर एकेक नियम उलगडून सांगावा लागतो.

समजा, आपल्या या वाचनालयाचे पाच हजार सभासद आहेत आणि त्यांच्या तीन याद्या आहेत. जुन्या रजिस्टरवरून टाइप केलेली एक्सेल फाइल, करोनाच्या काळात भरून घेतलेला ऑनलाइन फॉर्म आणि ग्रंथपालांच्या मोबाइलमधली संपर्कयादी. या तिन्हींची मिळून एक खात्रीची नोंदवही करायची आहे.

वाचनालयासाठी लायब्ररी

प्रोग्रॅमर मंडळीही ‘लायब्ररी’ हा शब्द वापरतात. त्यांच्या लायब्ररीत पुस्तकांऐवजी आयत्या कृती असतात. ‘फाइल उघड’, ‘रिकामे रकाने शोध’, ‘दुबार ओळी काढ’ अशी हजारदा लागणारी कामं कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेली असतात. आपण फक्त नाव घेऊन ती बोलवायची. घरी गोडा मसाला तयार असला की रोज धणे-खोबरं भाजत बसावं लागत नाही, तसंच हे.

डेटा साफ करण्यासाठी जगभर वापरली जाणारी अशी एक लायब्ररी म्हणजे ‘पांडाज’. ती पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वापरतात. वेस मॅकिनी या अमेरिकी तरुणानं २००८मध्ये एक्यूआर या गुंतवणूक कंपनीत काम करताना ती लिहायला घेतली आणि पुढच्या वर्षी ती सर्वांसाठी खुली झाली. नावाचा पांडा या प्राण्याशी संबंध नाही. अर्थशास्त्रात एकाच गटाच्या वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदींना ‘पॅनेल डेटा’ म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. तिची जोडीदार ‘एसक्यूएल-अल्केमी’. माइक बायर यांची ही लायब्ररी २००६पासून उपलब्ध आहे. ती पायथन आणि डेटाबेस यांच्यात दुभाष्याचं काम करते. पहिली धान्य निवडते, दुसरी ते कणगीत भरते.

एक्सेलमध्ये हातानं दुरुस्ती करता येत नाही का? येते. पण काल कुठल्या ओळीत काय बदललं, हे आज कुणी सांगू शकत नाही. लायब्ररी वापरली की प्रत्येक दुरुस्ती लिहिलेली राहते. उद्या नवी यादी आली तर तीच कृती पुन्हा चालवता येते आणि एखादा नियम चुकला असेल तर नेमकं त्यावर बोट ठेवता येतं.

पहिली पायरी : फाइल वाचणं

वरवर सोप्या दिसणाऱ्या याच पायरीवर सर्वाधिक घोळ होतात. याद्या बहुधा ‘सीएसव्ही’ प्रकारच्या फाइलमधून येतात. ही साध्या मजकुराची फाइल असते. एक ओळ म्हणजे एक नोंद आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम. आता पत्ता जर ‘१२, लक्ष्मी निवास, सदाशिव पेठ’ असा असेल तर? त्यातले दोन स्वल्पविराम रकाने तोडणारे समजले जातात आणि पुढचं सगळं दोन घरं सरकतं. पिनकोडच्या जागी टेलिफोन नंबर गेला तो असा. उपाय म्हणजे पत्त्यासारखा मजकूर अवतरणचिन्हांत ठेवायचा. मग लायब्ररी आतले स्वल्पविराम पत्त्याचाच भाग मानते.

दुसरा घोळ अंदाजाचा. फाइलमध्ये कुठला रकाना आकड्यांचा, कुठला अक्षरांचा हे लिहिलेलं नसतं. पांडाज रकान्यातला मजकूर पाहून स्वतःच ठरवते. पुण्याच्या ‘०२०’ने सुरू होणाऱ्या टेलिफोन नंबरात सगळे अंकच दिसतात, म्हणून ती त्याला संख्या मानते आणि संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नसल्यानं ते गळून पडतं. पिनकोडची गंमत वेगळी. रकान्यात एखादी जागा रिकामी असेल तर ४११०३०चा ४११०३०.० होतो, कारण पांडाजच्या जुन्या रचनेत पूर्णांकांच्या रकान्याला रिकामी जागा दाखवता येत नव्हती. ती दाखवण्यासाठी सगळा रकाना दशांश अपूर्णांकांचा केला जाई. नव्या आवृत्त्यांत रिकामी जागा चालणारे पूर्णांक आले, पण ते आपण मागून घ्यावे लागतात.

याच जातीचा एक किस्सा नामिबियाचा. देशांसाठी ठरलेल्या दोन अक्षरी संकेतांत नामिबियाचा संकेत आहे ‘एनए’. इंग्रजीत हीच दोन अक्षरं ‘माहिती उपलब्ध नाही’ या अर्थानंही लिहितात. त्यामुळे वेगळं बजावलं नाही तर पांडाज ती दिसताच रकाना रिकामा मानते. देशांची यादी वाचली जाते आणि एका देशाचा संकेत नाहीसा होतो. तक्रारीचा एक शब्द पडद्यावर येत नाही.

म्हणून पहिला नियम असा की लायब्ररीला अंदाज करू द्यायचा नाही. फोन, पिनकोड, सभासद क्रमांक हे सगळं ‘मजकूर म्हणूनच वाच’ असं सांगून टाकायचं. ज्या आकड्यांची बेरीज करायला आपण कधी जाणार नाही, ते आकडे संख्या नव्हेत. ती नावंच आहेत, फक्त अंकांत लिहिलेली.

दुसरी पायरी : दिसतं एक, असतं दुसरं

आता खास आपल्या लिपीची अडचण. संगणक प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक देतो. जगातल्या लिप्यांसाठी हे क्रमांक ठरवणाऱ्या व्यवस्थेचं नाव युनिकोड. पण एकच अक्षर दोन-तीन प्रकारे लिहिण्याची सोय त्यात आहे.

‘कऱ्हाड’ हे गावाचं नाव घ्या. त्यातला अर्धा ‘ऱ’ एका टंकलेखकानं ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हानं लिहिला. दुसऱ्याच्या कीबोर्डनं ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं टाकली. तिसऱ्यानं ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरलं. पडद्यावर तिन्ही ‘कऱ्हाड’ सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती तीन गावं झाली. ‘कराड’ असं लिहिणारे आणखी वेगळे.

यातले पहिले दोन प्रकार एक करण्याची कृती तयार असते. तिला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लेखनांना एका ठरावीक रूपात आणणं. ती पांडाजमधून थेट चालवता येते. तिसऱ्या प्रकारातलं अदृश्य चिन्ह ती हटवत नाही. त्यासाठी आपल्याला वेगळा नियम लिहावा लागतो. तीच गोष्ट ‘ॲ’ची. हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत होते. दोन्ही रूपं जुळी दिसली तरी युनिकोड त्यांना समान मानत नाही, त्यामुळे नॉर्मलायझेशन इथेही हात लावत नाही. मराठी याद्या साफ करणाऱ्यानं अशा नियमांची आपली एक वही ठेवायलाच हवी.

बाकीची कामं सोपी आहेत. नावाच्या आगेमागे राहिलेली रिकामी जागा छाटणं, मराठी आणि इंग्रजी अंक एका रूपात आणणं, ‘श्री.’, ‘सौ.’, ‘डॉ.’ या उपाध्या वेगळ्या रकान्यात काढणं. गावांच्या नावांसाठी एक छोटा तक्ता करायचा. डावीकडे यादीत सापडणारी रूपं, उजवीकडे आपण स्वीकारलेलं एक रूप. ‘उस्मानाबाद’ आणि ‘धाराशिव’, ‘अहमदनगर’ आणि ‘अहिल्यानगर’, ‘बॉम्बे’ आणि ‘मुंबई’ हे सगळं त्या तक्त्यात बसतं. उद्या आणखी एखादं नाव बदललं तर तक्त्यात एक ओळ वाढवायची, बाकी कृती तशीच राहते.

तिसरी पायरी : पाच मार्च की तीन मे?

०५/०३/२०२१ ही तारीख आपण बिनदिक्कत पाच मार्च अशी वाचतो. अमेरिकेत तीच तीन मे होते. पांडाज मुळात अमेरिकी वळणाची असल्यानं ती आधी महिना धरते. मात्र १३/०३/२०२१ दिसल्यावर तेरावा महिना नसतो. जुनी पांडाज अशा वेळी तेवढ्या एका ओळीपुरता क्रम उलटवायची. परिणामी एकाच रकान्यातल्या काही तारखा आपल्या पद्धतीनं, तर काही अमेरिकी पद्धतीनं वाचल्या जात आणि रकाना वरून व्यवस्थित दिसे. २०२३मध्ये आलेल्या दुसऱ्या मुख्य आवृत्तीपासून सगळ्या रकान्याला एकच पद्धत लावली जाते आणि ती न जुळणारी तारीख आली तर काम थांबतं. हे थांबणं गैरसोयीचं वाटतं, पण चुकीची वर्गणीची तारीख छापली जाण्यापेक्षा ते बरं. त्याहून बरं म्हणजे ‘आधी दिवस, मग महिना, मग वर्ष’ हे आपणच सांगून मोकळं होणं.

तारखांच्या बाबतीत एक्सेलचा उत्साह तर प्रसिद्ध आहे. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी लघुनावं ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी होती. ती टाइप केली की एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचं २०१६मध्ये दाखवण्यात आलं. अखेर जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२०मध्ये नावंच बदलली. ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ झालं आणि ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’. एका सॉफ्टवेअरच्या अंदाजापुढे विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागली.

चौथी पायरी : जुळे की एकच?

आता मूळ प्रश्न, दुबार नोंदींचा. तंतोतंत सारख्या ओळी काढणं लायब्ररीला क्षणाचं काम. अडचण येते ती जवळपास सारख्या ओळींची.

दोन शब्दांमधलं अंतर मोजण्याची एक रीत रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५मध्ये मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किमान किती चिन्हं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, ते मोजायचं. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ यांत अंतर एक, फक्त वेलांटीचं. ‘पाटील’ आणि ‘पाटोळे’ यांत तीन. म्हणजे पहिली जोडी संशयास्पद, दुसरी बहुधा वेगळी. ठीक वाटतं ना? आता ‘सावंत’ आणि ‘सामंत’ घ्या. अंतर एकच, पण आडनावं स्वतंत्र. ही मोजपट्टी अक्षरं मोजते, माणसं ओळखत नाही.

शिवाय जोड्या किती होतात ते पाहा. पाच हजार नावांतलं प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडून पाहायचं तर जवळजवळ सव्वा कोटी तुलना कराव्या लागतात. म्हणून आधी गट पाडतात आणि गटातल्या गटातच तुलना करतात. गट पाडायला पिनकोड उत्तम. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. पहिला अंक विभाग सांगतो, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी तो ४ आहे. पहिले तीन अंक टपाल वर्गीकरणाचा जिल्हा दाखवतात. टपाल गटागटानं वेगळं करण्यासाठी केलेली ही सोय याद्यांनाही तितकीच उपयोगी पडते.

यातून संशयित जोड्यांची यादी निघते, निकाल लागत नाही. तो लायब्ररीकडे सोपवलाच तर काय होईल? कुलकर्ण्यांच्याच घरी सुधाकर रामचंद्र आणि सुरेश रामचंद्र असे दोन भाऊ असू शकतात. दोघेही ‘सु. रा.’, पत्ता एक, पिनकोड एक. दोन पत्रिका बरोबरच होत्या!

पाचवी पायरी : कणगीत भरणं

साफ झालेली यादी आता डेटाबेसमध्ये जाते. डेटाबेस म्हणजे शिस्त असलेली नोंदवही. माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची आणि सामायिक क्रमांकांनी तक्ते एकमेकांना जोडायचे, ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७०मध्ये मांडली. ती आजही चालू आहे. आपल्या वाचनालयाला एसक्यूलाइट हा डेटाबेस पुरेसा आहे. सगळी नोंदवही एका फाइलमध्ये राहते आणि तो फुकट आहे. आपल्या मोबाइलमध्येही तो असतोच.

भरताना चार गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, दाराशी पहारा. सभासद क्रमांक दोनदा येता कामा नये, नाव रिकामं चालणार नाही, पिनकोड सहाच अंकी हवा, असे नियम तक्त्यालाच घालून देता येतात. नियम मोडणारी ओळ मग आत शिरत नाही. एसक्यूलाइट स्वभावानं जरा सैल आहे. आकड्यांच्या रकान्यात अक्षरं टाकली तरी तो चालवून घेतो. त्यामुळे तिथे कडक तक्ता हवा असं मुद्दाम सांगावं लागतं.

दुसरी, सगळं किंवा काहीच नाही. तीन हजार ओळी भरून झाल्या आणि वीज गेली तर? अर्धवट भरलेली नोंदवही रिकाम्या नोंदवहीपेक्षा वाईट. डेटाबेसमध्ये यासाठी ‘ट्रॅन्झॅक्शन’ असतं. सगळ्या ओळी नीट बसल्या तरच त्या पक्क्या होतात, मध्ये काही बिघडलं तर डेटाबेस सुरुवातीच्या स्थितीला परत जातो. एका खात्यातून पैसे वजा झाले पण दुसऱ्यात जमा झाले नाहीत, असं बँकेत चालत नाही, ते याच तत्त्वामुळे.

तिसरी, पुन्हा भरलं तर काय? पांडाजला डेटाबेसमध्ये भरायला सांगताना तक्ता आधीच असेल तर काय करायचं, हे विचारलं जातं. काहीच सांगितलं नाही तर ती थांबते. ‘जोड’ म्हटलं आणि तीच फाइल चुकून दोनदा चालवली, तर पहारा नसलेल्या तक्त्यात प्रत्येक सभासद दोनदा दिसतो. ‘बदल’ म्हटलं तर जुना तक्ता त्याच्या पहाऱ्यासकट पुसला जातो. सुरक्षित मार्ग असा की क्रमांक आधीपासून असेल तर ती ओळ अद्ययावत करायची, नसेल तर नवी घालायची. मग फाइल दहादा चालवली तरी निकाल तोच.

चौथी, मजकूर आणि हुकूम वेगळे ठेवणं. गोव्यात आणि वसईत ‘डिसोझा’ हे आडनाव सर्रास आढळतं. ते इंग्रजीत लिहिताना ‘डी’च्या पुढे वर एक छोटी खूण देतात. डेटाबेसला हुकूम देताना नेमकी हीच खूण ‘मजकूर इथे संपला’ असं सांगते. नाव आणि हुकूम एकाच वाक्यात चिकटवले तर बिचाऱ्या डिसोझांच्या नावावर वाक्य मोडतं. आणि कुणी खोडसाळपणे नावाच्या रकान्यात हुकूमच लिहिला तर डेटाबेस तो पाळतोही. एसक्यूएल-अल्केमी हुकूम आधी देते, मजकूर स्वतंत्रपणे मागून पाठवते. त्यामुळे रकान्यात काहीही लिहिलं तरी ते नावच राहतं.

हिशेब जुळला का?

२०२०च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं करोनाबाधितांची माहिती गोळा करताना जुन्या पद्धतीची एक्सेल फाइल वापरली. त्या पद्धतीत एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. मर्यादा भरल्यावर पुढच्या ओळी मुकाट गळल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांत आले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला.

हे टाळायला मोठं तंत्रज्ञान लागत नाही. किराणा दुकानदार रात्री गल्ला मोजतो तेवढंच करायचं. वाचलेल्या ओळी बरोबर भरलेल्या ओळी, अधिक दुबार म्हणून काढलेल्या, अधिक नाकारलेल्या. बेरीज जुळली नाही तर काम पुढे न्यायचं नाही. आणि नाकारलेल्या ओळी फेकायच्या नाहीत. त्या कारणासह वेगळ्या फाइलमध्ये ठेवायच्या, कारण त्यांतली प्रत्येक ओळ हा कुणीतरी सभासद असतो.

▣ थोडक्यात

• मूळ फाइलला हात लावू नका, दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा.
• फोन, पिनकोड, सभासद क्रमांक मजकूर म्हणून वाचा.
• तारखेचा क्रम स्वतः सांगा.
• मराठी मजकूर आधी एका रूपात आणा, मगच तुलना करा.
• दुबार नोंदींची यादी यंत्राकडून घ्या, निर्णय माणसानं घ्यावा.
• डेटाबेसच्या तक्त्याला नियम घाला, ‘सगळं किंवा काहीच नाही’ या रीतीनं भरा.
• शेवटी ओळींची बेरीज जुळवा.

शेवटचं काम

वरच्या पाचही पायऱ्यांत आपण संगणकाला स्वतःहून ठरवू दिलेली एकही गोष्ट नाही. कुठलं गाव कुठल्या नावानं लिहायचं, अंतर किती असलं की संशय घ्यायचा, कुठली ओळ नाकारायची हे सगळे निर्णय आपले. लायब्ररी ते न कंटाळता पाळते. आपण ठरवलं नाही तर ती अंदाजानं ठरवते आणि बहुतेक वेळा सांगतही नाही. तिच्या चुका शोधायच्या तर आधी तिच्या अंदाजांकडे पाहावं.

घोळ उगमापाशी थांबवणं तर सर्वांत स्वस्त. पुढच्या वेळी सभासदांचा फॉर्म कराल तेव्हा नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे ठेवा. तारीख टाइप करायला लावू नका, निवडायला द्या. पिनकोडला सहाच घरं ठेवा. निम्मी सफाई तिथेच होते.

आणि कुलकर्ण्यांच्या घरी पत्रिका एक पाठवायची की दोन? त्यासाठी त्यांना एक फोन करा.